बिजागरीमागचा ठसा

दातांच्या डॉक्टरांनी ती जीप आमच्या वर्कशॉपवर आणली तो मंगळवार होता. मंगळवारी त्यांचा दवाखाना बंद असतो, त्यामुळे माझं डोकं खायला ते मोकळे असतात. ट्रेलरवरून गाडी खाली उतरेपर्यंत त्यांच्या तिच्याभोवती चार फेऱ्या झाल्या होत्या. बॉनेटवर एके ठिकाणी रंगाचा टवका उडालेला होता, तिथे त्यांनी नख घालून पाहिलंच. ही त्यांची खोड. कुठे काही चिकटलेलं दिसलं की ते खरवडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"ताई, वरचे सगळे रंग काढायचे," ते म्हणाले. "नवा एक थेंबही द्यायचा नाही. कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा जशी होती तशी मला दिसली पाहिजे."

"विटलेला असेल तो रंग."

"असू दे."

"मधे मधे गंज असेल."

"असू दे हो. पण मूळचा पाहिजे."

गाड्या रंगवणारे गल्लोगल्ली मिळतात. रंगवलेली गाडी उघडी करणारे मात्र इथे आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा धाकटा भाऊ. कामाला लागला की तो नाकातल्या नाकात गुणगुणत राहायचा, म्हणून घरीदारी सगळे त्याला भुंगा म्हणत. चार वर्षांपूर्वी, अडतीस वर्षांचा असताना, एका सकाळी तो कोणाचीशी विकाऊ जुनी गाडी बघून येतो म्हणून गेला आणि आला नाही. भांडण झालं नव्हतं, आजार नव्हता, चिठ्ठी नव्हती. मी आकाशपाताळ एक केलं. चौक्या पालथ्या घातल्या, दवाखाने पाहिले, शवागारांतही जाऊन आले. शेजारच्या टायरवाल्याने आपलं दुकान बंद ठेवून दोन महिने माझ्याबरोबर गावोगावच्या खांबांवर त्याचे फोटो चिकटवले. काहीही हाती लागलं नाही.

घरी आई. त्या दिवसापासून रोज सकाळी मी चपला घालायला लागले की ती आतून विचारायची, "काही कळलं का?" मी "नाही" म्हणायचे आणि निघायचे. चार वर्षांत एक सकाळ चुकली नाही. तिचं अन्न तुटलं होतं. दोन घास खाऊन ताट सारायची आणि दाराकडे बघत बसायची. तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "रोग काही नाही त्यांना. पण असंच चाललं तर वर्ष काढणार नाहीत." माझा जीव टांगणीला लागला होता. आई आहे तोवर भुंगा परत यावा, आणि ते नशिबात नसेल तर निदान त्याची काही खबर यावी, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी वाटेल ते केलं असतं. केलंच.

जुनी गाडी उघडी करताना आधी एक खिडकी पाडतात. बारीक वॉटर पेपर ओला करून नाण्याएवढी जागा घासत न्यायची, म्हणजे एकाखाली एक रंग कड्यांसारखे उघडे पडतात. या जीपला पाच रंग निघाले. सगळ्यांत वर गर्द हिरवा, त्याखाली तपकिरी, मग राखाडी, मग सायीसारखा पांढरा आणि अगदी तळाशी फिकट निळा. डॉक्टरांनी गाडीचे कागद दिले होते, त्यात प्रत्येक रंगबदलाची नोंद होती. हिरवा गेल्या वर्षीचा. तपकिरी अकरा वर्षांपूर्वीचा, राखाडी एकतीस, पांढरा अडतीस. निळा कारखान्याचा, त्रेपन्न वर्षांचा. मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. ही गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये याआधी कधीही आली नव्हती. नंतर मी हे स्वतःला इतक्यांदा विचारलं आहे की आता झोपेतही सांगू शकेन.

चौथ्या दिवशी मी चालकाच्या बाजूचं दार काढलं. त्याचं कारण सांगायला हवं.

आमच्या बाबांची एक पद्धत होती. शेवटचा हात मारून झाला की रंग सुकला का ते बघायला प्रत्येक रंगारी कुठेतरी बोट लावतो. बाबांनी त्याची जागा ठरवून दिली होती. चालकाच्या दाराची खालची बिजागरी, तिच्या मागची बोटभर पट्टी. दार काढल्याशिवाय ती नीट दिसत नाही. आणि बोट डाव्या हाताची करंगळी, कारण कामात ती सगळ्यांत कमी मळते. ठसा राहिला तरी गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि आपली गाडी आपल्याला पुन्हा भेटली तर ओळखता येते. बाबांमागे आम्ही दोघांनी ती पद्धत चालू ठेवली. तिसऱ्या कोणाला ती माहीत नव्हती. कुठल्याही गाडीचं दार निघालं की आधी तिथे बघायचं ही सवय मात्र आमच्या हाडीमाशी खिळली होती.

मी टॉर्च मारला. हिरव्या रंगात करंगळीचा ठसा होता.

भुंग्याची डावी करंगळी चौदाव्या वर्षी पत्र्याने कापली होती. टाके नीट बसले नाहीत आणि बोटावरच्या रेषा दोन्ही बाजूंनी येऊन एकमेकींना चुकल्या. त्यामुळे त्याच्या ठशात मधोमध तिरकी चीर पडायची. शंभर ठशांतून मी तो काढून दिला असता. तोच ठसा माझ्यासमोर होता. मी वाकून बोट लावलं तर रंग किंचित चिकट लागला, आत्ताच कोणी हात काढून घेतल्यासारखा.

मी फरशीवर बसले आणि रडले. चार वर्षांत मी अशी रडले नव्हते. हिरवा रंग गेल्या वर्षीचा. म्हणजे गेल्या वर्षी भुंगा जिवंत होता, कुठेतरी या गाडीपाशी उभा होता आणि बाबांनी सांगितलेल्या जागी बोट टेकवत होता.

डॉक्टरांकडून विकणाऱ्याचा नंबर घेतला.

"रंग कोणी मारला होता?"

"मीच की. मी आणि जावई. अंगणात."

"दार काढलं होतं का?"

"दार कशाला काढतोय? वरून फासला ब्रशने. काय झालं?"

मला वाटलं, लपवतोय. दुसऱ्या दिवशी बसने तीन तास प्रवास करून मी त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिले. फरशीवर हिरव्या रंगाचे थेंब होते. कोपऱ्यात डबा होता आणि त्यात ब्रश वाळून कडक झाला होता. जावयाने मला पाणी दिलं. तो सरळ माणूस होता, त्याला माझी कीव येत होती. भुंग्याचा फोटो त्या दोघांनी उन्हात नेऊन नीट पाहिला आणि मान हलवली.

तरी घरी आल्यावर मी आईला म्हणाले, "थोडं कळलंय." तिने माझा हात धरला तो ताटं वाढेपर्यंत सोडला नाही. तो हात माझ्या हातात असताना मी ठरवलं की आता मागे हटायचं नाही.

खाली काय आहे हे बघायचं तर वरचा ठसा जाणार होता. बिजागरीच्या कोपऱ्यात पेपर पोचत नाही. तिथे औषधाचा बोळा ठेवून वरचा थर मऊ करायचा आणि प्लॅस्टिकच्या पातीने उचलायचा. उचललेला थर हातात राहत नाही, डिंकासारखा लगदा होतो. मी मोजपट्टी शेजारी धरून ठशाचे आठ फोटो काढले. मग बोळा भिजवला.

हिरवा निघाला. खालच्या तपकिरी रंगात तोच ठसा, तीच चीर, तसाच किंचित चिकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घातल्या. आतून काही आवाज आला नाही. मी त्या काढल्या आणि पुन्हा घातल्या.

"निघालीस का?" आईने विचारलं.

"हो."

"येताना अंगाचा साबण आण. संपत आलाय."

आदल्या रात्रीच तिने ताट स्वच्छ केलं होतं. मला बरं वाटलं. मी मनाशी म्हटलं, तिला धीर आला असेल, मी काहीतरी कळलंय म्हणाले ना. वर्कशॉपवर जाऊन फोनमधले फोटो उघडले. आठही फोटोंत नुसता सपाट हिरवा रंग होता. मोजपट्टी होती, तिच्यावरचा आकडा न् आकडा वाचता येत होता, पण ठसा नव्हता. फोन जुना झालाय, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्यासारखी बाई, जी दुसऱ्याच्या रंगातला केस लांबून दाखवते, ती असल्या कारणांवर समाधान मानत होती.

तपकिरी रंग अकरा वर्षांपूर्वीचा. तेव्हा भुंगा रोज माझ्या डोळ्यांसमोर होता, सकाळी माझ्याबरोबर येत होता आणि संध्याकाळी माझ्याबरोबर जात होता. ही गाडी त्याने कधी पाहिली? कधी रंगवली? हे अशक्य आहे हे मला कळत होतं. पण त्याच्या बोटाचा ठसा खोटा म्हणायला मन तयार नव्हतं. मला वाटत होतं की तो मला काहीतरी सांगतोय. आणि आमच्या धंद्यात एक गोष्ट आम्ही डोळे मिटून धरून चालतो. वरचे रंग कोणी ना कोणी नंतर चढवलेले असतात, ते काहीही सांगतील. तळाशी जे असतं ते खरं. या भरवशावर मी तीस वर्षं काम केलं होतं. उत्तर असलं तर ते खालीच असणार, याबद्दल मला शंका आली नाही. तिथेच मी चुकले.

तपकिरी काढायला तीन दिवस लागले, कारण सगळी गाडीच उघडी करत न्यायची होती. दारं, मडगार्ड, मागची फळी. बिजागरी मी शेवटी ठेवली. दुपारी टायरवाल्याच्या दुकानातून हवा भरल्याचा आवाज येत होता तेव्हा मी तिथला तपकिरी थर उचलला.

राखाडी रंगात ठसा लहान होता. रेषा त्याच होत्या, त्यांचा भोवरा त्याच बाजूला वळलेला होता, पण चीर नव्हती. एकतीस वर्षांपूर्वी भुंगा अकरा वर्षांचा होता. त्याचं बोट तेव्हा कापलं नव्हतं.

मी उठले आणि तोंडावर पाणी मारलं. पुसायला वळले तेव्हा भिंतीकडे लक्ष गेलं. तिथे दोन हूक असायचे, एकावर माझा मास्क आणि दुसऱ्यावर भुंग्याचा. चार वर्षं मी तो काढला नव्हता. आता तिथे एकच हूक होता. मास्क कोणी नेला, असं आधी वाटलं. मग मी जवळ जाऊन पाहिलं. हूक नव्हताच, आणि त्याचं भोकही नव्हतं. भोक बुजवून वर रंग मारला तर मला कळतं, माझा धंदाच तो आहे. मी नखाने, मग पातीने भिंत खरवडली. चुन्याखाली चुना होता, त्याखाली जुना चुना होता, त्याखाली वीट. तिथे कधीच काही ठोकलं गेलं नव्हतं.

मी तशीच चौकीवर गेले. चार वर्षांत तिथल्या हवालदाराची आणि माझी चांगली ओळख झाली होती. मला बघताच तो खुर्ची पुढे सारायचा. त्या दिवशी त्याने विचारलं, "काय काम आहे?"

"माझ्या भावाची तक्रार. चार वर्षांपूर्वीची."

त्याने नाव लिहून घेतलं, रजिस्टर काढलं, तारीख पाहिली, मागची पुढची पानंही उलटली. "अशी नोंद नाही," तो म्हणाला. "दुसऱ्या चौकीत दिली असेल तुम्ही." तो थट्टा करत नव्हता.

थांबायला हवं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं, आजच कळतंय असं नाही. पण विचार करा, माझ्याकडे दुसरं काय उरलं होतं? फोटो कोरे झाले होते, तक्रार गेली होती, मास्क गेला होता. त्याचा म्हणून सांगावा असा एकच पुरावा त्या बिजागरीमागे होता आणि त्याच्याखाली आणखी काही असेल ही एकच आशा होती. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, ते सुटतं आहे की तुटतं आहे हे बघत नाही. मी राखाडीवर बोळा ठेवला.

पांढऱ्या रंगात वाटाण्याएवढा ठसा होता. चार वर्षांच्या मुलाचा. इतका हलका, की बाबांनी त्याला उचलून, "हं, इथे बोट लाव बघू," म्हटलं असावं.

बाहेर येऊन मी टायरवाल्याला म्हणाले, "जरा येता का? भुंग्याचा ठसा सापडलाय. तुम्हाला दाखवायचाय."

तो हात पुसत उठला. "कोणाचा?"

"भुंग्याचा. माझ्या भावाचा."

त्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग सावकाश, मला दुखवायचं नाही अशा आवाजात म्हणाला, "ताई, तुम्हाला भाऊ आहे? एवढी वर्षं शेजारी आहे मी, कधी बोलला नाहीत."

घरी आई भाजी निवडत होती. गालांवर तजेला आला होता. डॉक्टरीणबाई सकाळी येऊन गेल्या होत्या आणि वजन वाढलंय म्हणून खूश होऊन गेल्या होत्या. मी तिच्यासमोर बसले.

"आई, भुंगा आठवतो?"

"कोण भुंगा?" ती हसली. "कोणाचं ठेवलंस हे नाव?"

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडावर टॉवेल दाबून धरला.

त्या दिवशी मी वही काढून आकडे समोर ठेवले. पांढरा अडतीस वर्षांचा. निळा त्रेपन्न वर्षांचा. भुंगा आज असता तर बेचाळीसचा झाला असता. निळ्या रंगात काय असेल हे बघायला मला खिडकी पाडायची गरज नव्हती.

मग मी उलटं जायचा प्रयत्न केला. राखाडी रंग जुळवायला दोन दिवस घातले. डोळ्यात तेल घालून थेंब थेंब मिसळला, एका टाकाऊ पत्र्यावर हात मारून उन्हात धरून पाहिला. तंतोतंत जमला. पांढरा ठसा टेपने झाकून त्याच्या शेजारच्या पट्टीवर तो राखाडी मारला आणि वाट बघत बसले. सुकत आला तेव्हा माझी करंगळी टेकवली. माझाच ठसा उठला. तो पुसून पुन्हा मारला आणि सबंध दिवस दारापाशी बसून राहिले. त्याच्यावर कोणाचंच बोट उठलं नाही. भिंतीवर हूक आला नाही. आई त्या संध्याकाळी शेजारणीकडे गप्पा मारायला गेली होती. चार वर्षांत प्रथमच ती उंबऱ्याबाहेर पडली होती, आणि परत आली ती कुठल्याशा विनोदावर एकटीच हसत.

तिचं ते हसणं मला सहन होत नव्हतं. ती जगावी म्हणून मी जिवाचं रान करत होते, आणि ती जगायला लागली तर मला तिचा राग येत होता. त्या रागाची लाज वाटायची आणि तरी तो जायचा नाही.

गाडी पुरी केली. निळा फार सुंदर निघाला. कडांना थोडा विटलेला, बॉनेटवर पुसट, पण एकसंध. बिजागरीमागचा नखाएवढा पांढरा तेवढा मी ठेवला. त्याच्यावर पातळ लाखेचा हात दिला, दार जागेवर बसवलं आणि स्क्रू आवळले.

मंगळवारी डॉक्टर आले. गाडीभोवती फिरले आणि त्यांचे डोळे ओले झाले. मी त्यांना सांगितलं की गाडी इथेच राहू द्या काही महिने. ते हसले. त्यांनी घरी तिच्यासाठी जागा तयार ठेवली होती. मग मी बिजागरीचं सांगितलं, कारण न सांगता त्यांना ते कधीतरी सापडलंच असतं.

"एवढासाच डाग राहिलाय?" ते टॉर्च घेऊन वाकले. फटीतून त्यांना पांढरी कड दिसली.

"राहिला नाही. मी ठेवलाय."

"का?"

मी आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकापुढे हात जोडले नव्हते. तेव्हा जोडले. "डॉक्टर, त्याला हात लावू नका. कारण विचारू नका. घरचं आहे. तुम्ही म्हणाल ते काम मी पुढे करीन, पण तेवढं राहू द्या."

"बरं बुवा," ते गोंधळून म्हणाले. "तुमचा शब्द, ताई. नाही लावत." आणि तरी जाता जाता त्यांनी पुन्हा एकदा त्या फटीत पाहिलं.

दोन आठवडे गेले. मी रोज त्यांना काही ना काही निमित्ताने फोन करायचे. गाडीवर ऊन येत नाही ना, पाणी उडत नाही ना. ते कंटाळले असतील. घरी आई दोन्ही वेळा पोटभर जेवत होती, दुपारी झोपत होती. मी रात्री उशाशी भुंग्याबद्दल आठवेल ते आठवायचे. तो कुठल्या सुरात गुणगुणायचा. बूट कसे काढायचा. रागावला की कान आधी लाल व्हायचे. त्याची आठवण आता फक्त माझ्याकडे होती, आणि त्या नखाएवढ्या रंगात.

पुढच्या मंगळवारी मी घरी होते. दुपारचे तीन वाजले असतील. फोन वाजला.

"मॅडम, रागावू नका," डॉक्टर म्हणाले. आवाजात लहान मुलासारखा आनंद होता. "तो डाग मला बघवेना हो. दार काढलं आणि आमचं दात साफ करायचं बारीक अवजार लावलं. अर्धा तास लागला. पण ओरखडा म्हणून नाही. तुम्ही बघाल तर तुम्हीसुद्धा शाबासकी द्याल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? मॅडम?"

"खाली काय आहे?"

"निळा. मूळचा."

"त्याच्यावर काही आहे का? नीट बघा. टॉर्च लावून बघा."

फोन ठेवल्याचा, पावलांचा आवाज. मग ते परत आले. "काही नाही. एकदम कोरा."

मी भिंतीला हात टेकला.

"तुम्ही मला मॅडम का म्हणताय?"

"मग काय म्हणू?"

"ताई म्हणायचात."

"मी? नाही हो. कधीच नाही." मग घाईघाईने म्हणाले, "पण तुम्हाला आवडत असेल तर म्हणतो."

मी फोन ठेवला.

आत भांडी आवरल्याचा आवाज येत होता. मी तिथेच उभी राहिले आणि त्याचा सूर आठवायला लागले. पहिल्या दोन ओळी आल्या. तिसरी येईना.

तेवढ्यात आईने हाक मारली.

तिने मला माझ्या नावाने हाक मारली. शाळेच्या दाखल्यावरचं नाव. मी नऊ-दहा वर्षांची असताना भुंगा बोलायला लागला आणि तो जे म्हणायचा तेच घरात सगळे म्हणायला लागले. आई, बाबा, शेजारी, गिऱ्हाइकं. चाळीस वर्षं मला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. मी ते सहीपुरतं वापरत आले होते.

"अगं, ऐकतेस ना?" ती म्हणाली आणि पुन्हा त्याच नावाने हाक मारली. सहज. जन्मभर रोज तीच हाक मारत आल्यासारखी.

मी ओ दिली.